किल्ल्यावरची चित्रं आणि न सापडणारा खलाशी

विषयाचं नाव ऐकून काही जण हसले असतील. अलिबागच्या बाजूला बसून सुपरहिरोंच्या बाहुल्यांवर तास-दीड तास बोलायचं म्हणजे काय? तर आधी आमच्या कपाटाबद्दल सांगतो, म्हणजे विषय जाग्यावर येईल.

आमच्याकडे काचेचं एक कपाट आहे. वरच्या खणात प्लॅस्टिकचे वीर आहेत: बॅटमॅन, वॉल्व्हरिन, एक कडक उभा राहणारा सुपरमॅन. त्यातले दोन अजून खोक्यातच आहेत, कारण खोकं उघडलं की किंमत उतरते असं संग्राहक सांगतात आणि आम्हीही भित्रेच. खालच्या खणात दिवाळीच्या किल्ल्यावरची चित्रं आहेत. चित्रं म्हणजे मातीची, आता बहुतेक प्लास्टरची. सिंहासनावरचे महाराज, घोड्यावरचे महाराज, ढाल-तलवारीचे मावळे, तुतारीवाला, गवळण, वासुदेव, आणि का कोण जाणे पण नेहमी असणारा एक वाघ. यांना खोकं नाही. ती टोपलीतून येतात, आणि एखाद्याचं नाक आणतानाच गेलेलं असतं. तुळशीचं लग्न लागलं की किल्ला मोडतो, चित्रं वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर जातात, पुढच्या वर्षी निम्मी निघतात. आमच्या खालच्या खणात आहेत ती ही निम्मी.

वरच्या खणाचं कौतुक सगळे करतात, खालच्याकडे बघून आठवणी काढतात. आम्हाला दोन्ही खणांना एकच प्रश्न विचारायचा आहे. या बाहुल्याच्या अंगावरचे कपडे आले कुठून?

आधी वरचा खण. १९६४ साली अमेरिकेत हॅसब्रो कंपनीने जी. आय. जो नावाचा सैनिक बाजारात आणला. मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत या भीतीने त्याला ‘डॉल’ म्हणायचं नाही असं ठरलं आणि ‘अ‍ॅक्शन फिगर’ हा शब्द तेव्हा चालू झाला. आपल्याला ही अडचण कधी आलीच नसती. आपल्याकडे बाहुली होती तसा बाहुलाही होता, भातुकलीत त्यांची लग्नं लागत होती. असो. त्या जोला एकवीस हलते सांधे होते. पुढे आपल्याकडे फनस्कूलने छोटे जी. आय. जो विकले. त्यातल्या काहींचे रंग अमेरिकेतल्यापेक्षा निराळे निघाले, आणि आज जगभरचे संग्राहक तेच भारतीय रंगाचे बाहुले मुद्दाम शोधत असतात. तुमच्या माळ्यावर एखादा असेल तर भंगारवाल्याला देऊ नका.

पण कॉमिक्समधला वीर दुकानात रांगेने उभा राहिला तो १९७२ पासून, मेगो या कंपनीमुळे. आठ इंचांचे बाहुले, अंगात शिवलेले कापडी कपडे. पहिले चार होते बॅटमॅन, रॉबिन, सुपरमॅन आणि अ‍ॅक्वामॅन. यातली गंमत कपडे काढल्यावर कळते. आत सगळ्यांचं धड एकच! डोकं बदलायचं, कपडे बदलायचे, की नवा वीर. म्हणजे कोण कोण आहे हे शरीर सांगत नव्हतं, शिंपी सांगत होता. आणि त्या चारांतला एक समुद्राचा होता हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

यातूनच संग्राहकांची आजची सगळ्यात मोठी कसोटी आली: बाहुला पानाशी इमानी आहे का? छापील पानावर जो पोशाख आहे तोच याच्या अंगावर आहे का? वॉल्व्हरिनचंच घ्या. कॉमिक्समध्ये पिवळा-निळा. २००० साली सिनेमा आला तेव्हा त्याला काळं चामडं घातलं, कारण पिवळा पडद्यावर हास्यास्पद दिसेल असं वाटलं असावं. त्याला पडद्यावर त्याचा पिवळा पोशाख घालून लढायला २०२४ उजाडलं. मधली चोवीस वर्षं तो पिवळा जिवंत कुणी ठेवला? पानाने आणि बाहुल्यांनी. आम्हाला ही निष्ठा पोरकट वाटत नाही. घराण्याचा गायक बंदिशीचा एक शब्द बदलू देत नाही, त्यातलाच हा प्रकार आहे.

मात्र या निष्ठेला एक भोक आहे. पान स्वतःच कुठे पवित्र असतं? वेताळ आठवतोय का? ली फॉकचा फँटम. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ पासून निघू लागलं आणि मराठीत तो वेताळ म्हणून आला. फॉकच्या मनात त्याचा पोशाख करडा होता. १९३९ साली रविवारची रंगीत पानं सुरू झाली आणि तो छापून आला जांभळा. स्वीडनमध्ये तो निळा, इटलीत तांबडा. म्हणजे ज्या रंगासाठी लोक आज भांडतात तो कुठल्या तरी छापखान्यातला निर्णय आहे. आणि मराठी अनुवादकाने नाव काय ठेवलं, तर वेताळ. खाली आरवलीला वेतोबाला लोक मोठमोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाभोवती फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात. कोकणातल्या पोराने हे नाव ऐकलं तेव्हा त्याच्यापुढे आधी कोण उभं राहिलं असेल? (हशा)

आता खालचा खण. इथे आम्हाला जास्त वेळ थांबायचं आहे.

किल्ल्यावरच्या चित्राला एकही सांधा नाही. साच्यात दोन बाजूंनी दाबलेलं किंवा ओतलेलं ते शिल्प आहे. तलवारीचा हात सुटा ठेवला तर मोडेल म्हणून तो अंगाला चिकटलेला, पाय मोडतील म्हणून दोन्ही पायांच्या मधे मातीचा गोळा. या गोळ्याला आम्ही दोष देत नाही. उलट चांगल्या कारागिराचा मावळा ओळखायचा तो त्यावरूनच. वाईट साच्यात तो नुसता ढेकूळ राहतो. चांगल्या साच्यात त्याचा दगड होतो, झुडूप होतं, कधी शेल्याचं लोंबतं टोक होतं. दुसरी खूण डोळे. दोन ठिपके दिले की डोळे होतात, पण ठिपका जरा वर गेला की मावळा आभाळाकडे बघतो आणि जरा आत गेला की चकणा होतो. आमच्याकडे एक मावळा आहे, तो शत्रूकडे बघतोय असं कुठल्याही कोनातून वाटत नाही. तो आईने हाक मारल्यासारखा मागे बघतोय. आमच्या सगळ्या संग्रहात आम्हाला तोच जास्त आवडतो, वरच्या खणातले सुद्धा धरून.

आणि मेगोची युक्ती इथेही आहे, मेगो जन्मायच्या आधीपासून असणार. साचा एक, रंग पाच. तांबड्या अंगरख्याचा, हिरव्या अंगरख्याचा, निळ्या अंगरख्याचा. किल्ल्यावर ते पाच वेगळे मावळे असतात, मुलं त्यांना पाच वेगळी नावं देतात. एक तानाजी, एक बाजी, एक येसाजी. उरलेल्या दोघांना वर्गातल्या मित्रांची नावं.

मग यांचं ‘पान’ कुठलं? महाराजांपुरतं उत्तर थोडंफार देता येतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे चित्र महाराजांचं म्हणून घरोघर लावलं जात होतं ते त्यांचं नव्हतंच, ते इब्राहिमखानाचं होतं. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली समकालीन डच चित्र पुढे आणलं आणि तो घोळ मिटवला. टोकदार दाढी, लांब नाक, डोईवर तुरा. आज मातीतल्या महाराजांचा चेहरा जो ओळखू येतो त्याच्यामागे हे संशोधन आहे. एका इतिहास संशोधकाने कागद चाळले आणि त्यामुळे कुंभाराचा साचा बदलला, असं उदाहरण आम्हाला तरी दुसरं आठवत नाही.

घोड्यावरच्या महाराजांचं पान तर आपल्या किनाऱ्याच्या हाताने तयार झालं आहे. विनायक पांडुरंग करमरकर, नानासाहेब करमरकर, हे इथून जवळच्या सासवण्याचे. १८९१चा जन्म. लहानपणी त्यांनी गावच्या देवळाच्या भिंतीवर घोड्यावरच्या शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. ते तेव्हाचे कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेला पडलं आणि त्यांनी या पोराला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टला पाठवलं. पुढे त्याच हाताने १९२८ साली पुण्यातल्या शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला अश्वारूढ पुतळा घडवला. त्यानंतर गावोगावच्या चौकांत घोडे उभे राहिले आणि त्या चौकांतल्या घोड्यांची पिल्लं टोपल्यांतून दिवाळीच्या बाजारात आली. देवळाच्या भिंतीवरून पुतळ्यात, पुतळ्यावरून साच्यात. साचा वारंवार घासला जातो, तपशील जातात, लगाम जातो, बोटं जातात, उरतो तो मानेचा बाक. आमच्याकडच्या अश्वारूढ चित्रात घोडा कुत्र्याएवढा आहे, पण मानेचा तो बाक आहे.

इथवर सगळं ठीक. आता आमची तक्रार सांगतो.

आम्ही कितीतरी वर्षं अलिबाग, रेवदंडा, मुरूड, पेण इथल्या दिवाळीच्या बाजारांत फिरतोय. या सगळ्या टोपल्यांत आम्हाला एक खलाशी सापडलेला नाही. वल्हं घेतलेला माणूस नाही. शिडाचा दोर ओढणारा नाही. डोलकाठीवर चढलेला नाही. गलबताची चित्रं क्वचित दिसतात, पण गलबतावर माणूस नसतो.

हे कुठे घडतंय ते बघा. ज्या थळच्या वाळूवर उभं राहिलं की समोर खांदेरी दिसते तिथे घडतंय. १६७९च्या पावसाळ्याअखेर मायनाक भंडारी माणसं घेऊन त्या बेटावर उतरला आणि तटबंदी घालू लागला. मुंबईच्या इंग्रजांनी जहाजं आणून वेढा घातला. त्यांची जहाजं मोठी होती, तोफा मोठ्या होत्या. पण उथळ पाण्यात आणि रात्रीच्या वाऱ्यात आपल्या लहान होड्या त्यांच्या मधून निसटत, बेटावर दाणा-दारूगोळा पोचवत. दौलतखान आरमार घेऊन आला. इंग्रजांना ते बेट शेवटपर्यंत सोडवता आलं नाही. या लढाईतला नायक कोण? तो वल्हेकरी, ज्याला अंधारात खडक कुठे आहे ते ठाऊक होतं. त्याचं चित्र विकत मिळत नाही, त्याऐवजी डोंगरी मावळा मिळतो.

२०२५ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले घेतले. त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आहेत. बारापैकी चार म्हणजे एक तृतीयांश किल्ल्यांना लाटा लागतात. आपल्या जिल्ह्याचे त्यात दोन, एक डोंगरावरचा आणि एक पाण्यातला. आणि आपल्या जिल्ह्याचं नावच १९८१पर्यंत पाण्यातल्या किल्ल्यावरून होतं, कुलाबा. मग ते डोंगरावरच्या किल्ल्यावरून रायगड झालं. नावाबद्दल आमची अजिबात तक्रार नाही, राजधानीचं नाव आहे. फक्त टोपलीत जे झालं तेच नकाशावरही झालं, एवढं नोंदवून पुढे जातो.

कुणी म्हणेल, मुलं जलदुर्ग करतात की. करतात. आम्ही चांगले जलदुर्ग पाहिले आहेत. प्लॅस्टिकच्या टबात पाणी, मधे विटांचा सिंधुदुर्ग, पाण्यात निळीचे चार थेंब. जंजिरा तर फार आवडीचा. पण त्या जंजिऱ्यावर चित्रं कुठली मांडतात? घरात आहेत तीच. एका अंगणात आम्ही जंजिऱ्याच्या मधोमध सिंहासनावर बसलेले महाराज पाहिले. बुरुजावर गवळण. जो किल्ला सिद्दीकडून मराठ्यांना कधी घेता आला नाही तो एका दिवाळीत पोरांनी घेऊन टाकला होता. त्या मुलांना आम्ही काही बोललो नाही. बोलायचं असेल तर ते साचा करणाऱ्यांना आणि चित्रं काढणाऱ्यांना बोलायला हवं.

आता कारण. सोपं कारण असं सांगतात की माती डोंगर होऊन उभी राहते, समुद्र होत नाही, म्हणून किल्ला डोंगरी आणि चित्रंही डोंगरी. यात तथ्य आहे. बाजार मोठा आहे तो घाटावरचा, हेही खरं. पण आमच्या मते खरं कारण वेगळं आहे, आणि ते वरच्या खणाने आम्हाला शिकवलं. पान नाही म्हणून बाहुला नाही. मावळ्याचा पोशाख सिनेमाने ठरवला, कॅलेंडरने ठरवला, शाळेच्या पुस्तकाने ठरवला, अमर चित्रकथेने ठरवला. पगडी, अंगरखा, चोळणा, कमरेला शेला. खलाशाचा पोशाख कुणी ठरवलाच नाही. त्याला शिंपीच मिळाला नाही. अमेरिकेतल्या पहिल्या चार वीरांत अ‍ॅक्वामॅन बसला तो काही अमेरिकन लोकांचं समुद्रावर आपल्यापेक्षा जास्त प्रेम आहे म्हणून नाही. तो १९४१पासून पानावर होता, नारिंगी सदरा आणि हिरवी विजार घालून. कुणी तरी काढला होता, म्हणून कुणाला तरी शिवता आला.

यावर आमच्या एका मित्राने आक्षेप घेतला. तो म्हणाला, खलाशी उघडाबंब असणार, कमरेला सुरका, डोक्याला फार तर टोपी. अशा माणसाचा वीर कसा होणार? वीराला कपडे लागतात. आम्ही त्याला वरच्या खणापाशी नेलं आणि म्हटलं, या सुपरमॅनकडे नीट बघ. विजारीवर चड्डी! ही आली सर्कशीतल्या पहिलवानांच्या पोशाखावरून. १९३८मध्ये ती ताकदीची खूण होती, २०११मध्ये कॉमिक्सवाल्यांना तिची लाज वाटली आणि त्यांनी ती काढली, २०१८मध्ये परत घातली. आणि वेताळाची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी? कोळ्याचा चौकड्यांचा सुरका तिच्या शेजारी ठेवा आणि सांगा यात जास्त रुबाब कशात आहे. सुरका तर कामासाठी आहे, कमरेइतक्या पाण्यात उतरून होडी ढकलताना तो पायात येत नाही. सुपरमॅनच्या चड्डीबद्दल असं काही सांगता येईल का?

या किनाऱ्यावर लाय पाटलाची गोष्ट सांगतात, तुम्हाला ठाऊक असेल. जंजिऱ्याच्या तटाला त्याने रात्री शिड्या लावल्या, पण मागून यायची ती फौज वेळेवर आली नाही, पहाट व्हायला लागली आणि शिड्या काढून घ्याव्या लागल्या. महाराजांनी तरीही त्याला पालखीचा मान देऊ केला. पाटील म्हणाला, मी दर्यात हिंडणारा कोळी, पालखीत बसून जाऊ कुठे? तेव्हा त्याला गलबत दिलं आणि त्या गलबताचं नाव ठेवलं पालखी. आम्हाला या गोष्टीत शौर्यापेक्षा दुसरं काही तरी दिसतं. जमिनीवरच्या मोठेपणाचा जो ठरलेला साज होता तो याच्या अंगाला बसत नव्हता, आणि हे त्याला आणि देणाऱ्यालाही कळलं. आपल्या टोपलीत जे मावळे आहेत त्यांना मात्र आपण अजून पालखीतच बसवतोय.

काढलंच नाही असं म्हटलं, पण तसं म्हणणं एका माणसावर अन्याय होईल. सासवण्याला करमरकरांच्या घराचं आता संग्रहालय आहे. न पाहिलेल्यांनी जरूर जावं. मोठ्यांचे पुतळे करून पोट भरणाऱ्या या शिल्पकाराने घरी बसून काय घडवलं ते तिथे दिसतं. म्हैस आहे, कुत्रा आहे, हमाल आहे, शंख फुंकणारा आहे. आणि मत्स्यगंधा आहे. नाव पुराणातलं, पण बाई इथली. उभं राहायची ढब इथली, कमरेचं नेसणं इथलं. जो हात घोड्यावरचे महाराज घडवत होता त्यालाच या बाईच्या नेसण्यात घडवण्यासारखं काही आहे असं वाटलं. घोडा चौकाचौकांत गेला, साच्यांत गेला. मत्स्यगंधा घरीच राहिली.

मागच्या वर्षी गणपती झाल्यावर आम्ही पेणला एका मूर्तीच्या कारखान्यात गेलो. हंगाम संपलेला, मांडण्या रिकाम्या, कोपऱ्यात साचे उपडे घातलेले. आम्ही कारागिराला विचारलं, दिवाळीसाठी खलाशी करता येईल का? तो म्हणाला, फोटो द्या, काहीही होतं. लोक मोबाइलवर फोटो घेऊन येतात, आम्ही गणपतीला तो पोशाख घालतो, बाहुबलीचा केला, खंडोबाचा केला, बालशिवाजी तर दरवर्षी असतो. फोटो असला की साचा होतो.

आमच्याकडे फोटो नव्हता. बराच वेळ मोबाइल चाळून शेवटी सासवण्याला काढलेला मत्स्यगंधेचा फोटो आम्ही पुढे केला. त्याने तो दोन बोटांनी मोठा केला, नेसण्याच्या चुण्या बघितल्या, मागची बाजू आहे का विचारलं. मग म्हणाला, ही होईल. पण हिला किल्ल्यावर ठेवणार कुठे?

खाली, पाण्याजवळ, आम्ही म्हटलं.

मग होडी लागेल, तो म्हणाला, आणि होडीचा फोटो मागितला.